पहिली कादंबरी: वहीपासून वाचनालयाच्या कपाटापर्यंत

कादंबरी लिहून संपली की लेखकाला वाटतं, मोठं काम झालं. झालेलंच असतं. पण त्यानंतर ती पुस्तक होऊन दुकानात यायला मराठीत वर्ष-दीड वर्ष सहज जातं, कधी तीन वर्षंही. या काळात तिच्यावर जी माणसं काम करतात, त्यांतल्या बहुतेकांची लेखकाशी गाठही पडत नाही. नवोदितांना खरा त्रास होतो तो या न दिसण्याचा. पत्राला उत्तर आलं नाही की कादंबरी वाईटच असणार असं धरून चालतात, आणि कोणी पैसे मागितले की अशीच पद्धत असेल म्हणून देऊन टाकतात. मी सोलापुरात मुद्रितशोधनाचं आणि पुस्तकांच्या मांडणीचं काम करतो, त्यामुळे हे दोन्ही प्रकार जवळून बघतो. म्हणून हा रस्ता एकदा नीट सांगायचा आहे: कोणत्या टप्प्यावर कोण काय करतं, वेळ कशात जातो, आणि पैसा कोणाकडून कोणाकडे जायला हवा.

सोलापूरला लेखकांची वाण कधीच नव्हती. कवी कुंजविहारी, कवी संजीव, दत्ता हलसगीकर ही इथली नावं. त्र्यं. वि. सरदेशमुखांना कादंबरीसाठी २००३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २००६ साली ७९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथं भरलं तेव्हा अध्यक्ष होते इथंच जन्मलेले मारुती चितमपल्ली. अडचण वेगळी आहे. कादंबऱ्या काढणाऱ्या प्रकाशन संस्था बहुतेक पुण्या-मुंबईत. पुण्यातला नवा लेखक एखाद्या कार्यक्रमानंतर संपादकाला गाठून चार शब्द बोलून घेतो. अक्कलकोट रोडला किंवा बार्शीला राहणाऱ्याला ती सोय नाही, त्याला सगळं टपालानं आणि मेलनं निभवावं लागतं. म्हणूनच पडद्यामागं काय चालतं हे त्याला जरा जास्त माहीत असायला हवं.

बोलायला सोपं जावं म्हणून एक कादंबरी डोळ्यांसमोर ठेवू. लेखिका सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या आणि विडी कामगारांच्या वस्तीतल्या, शाळेत शिक्षिका. घरात तेलुगू, शाळेत मराठी. कादंबरी विड्या वळणाऱ्या आईची आणि शिकून पुण्याला गेलेल्या मुलीची. अशी एक कादंबरी माझ्या हाताखालून गेली आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. लेखिकेला आपण बाई म्हणू, शाळेत म्हणतात तसं.

पाठवण्याआधी

पहिला खर्डा कोणालाही पाठवू नये. तो महिनाभर बाजूला ठेवून पुन्हा वाचला की पहिली पंचवीस-तीस पानं नकोशी वाटू लागतात. बहुतेक पहिल्या कादंबऱ्यांत हेच होतं, कारण लेखक गोष्ट शोधत शोधत लिहीत असतो आणि ती सापडते दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात. बाईंनी मुलीच्या जन्मापासून सुरुवात केली होती. खरी कादंबरी सुरू होत होती ती मुलगी सुट्टीला घरी येते आणि आईच्या शेजारी बसून तिला पूर्वीसारख्या विड्या वळता येत नाहीत, त्या प्रसंगापासून. हे त्यांना तिसऱ्या खर्ड्यात दिसलं.

घरच्यांनी वाचलं म्हणजे वाचून घेतलं असं होत नाही. घरचे एक तर कौतुक करतात, नाही तर कादंबरीत स्वतःला शोधतात. ज्यांना तुमच्याबद्दल फारसं काही वाटत नाही पण वाचनाची भूक आहे, अशी दोन माणसं शोधा. वाचनालयात नेमानं येणारे, कॉलेजातले मराठीचे प्राध्यापक, कोणीही. त्यांना 'आवडलं का' असं विचारू नका. वाचताना पुस्तक कुठं खाली ठेवावंसं वाटलं, एवढंच विचारा.

मजकूर युनिकोडमध्ये हवा. आपल्याकडं अजूनही पुष्कळ जण जुन्या फॉन्टांत टाइप करून घेतात, कारण ओळखीचा डीटीपीवाला त्यातच काम करतो. तशी फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी चिन्हं दिसतात, आणि रूपांतर केलं तरी जोडाक्षरं फुटतात. प्रकाशकाकडचा माणूस ती फाईल बाजूला ठेवतो ती ठेवतोच. हातानं लिहिलं असेल तर कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, पानांना क्रमांक घालून लिहावं आणि झेरॉक्स स्वतःकडं ठेवावी.

कोणी चोरेल ही भीती नवोदितांना फार असते. लिखाण कागदावर उतरलं त्या क्षणापासून त्याचा हक्क कायद्यानं लेखकाचाच असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. नोंदणी करता येते, पण ती सक्तीची नाही. आपल्याच मेलवर वेळोवेळी फाईल पाठवून ठेवली तरी कोणत्या तारखेला काय लिहिलं होतं याचा माग राहतो.

प्रकाशकाचं दार

इंग्रजी प्रकाशनाच्या जगात लेखक आणि प्रकाशक यांच्या मधे एजंट असतो. मराठीत तशी व्यवस्था जवळपास नाहीच. लेखकानं थेट प्रकाशकाला लिहायचं असतं, आणि ही गोष्ट नवोदिताच्या फायद्याची आहे, कारण दार कोणालाही ठोठावता येतं.

कोणतं दार, हे मात्र आधी ठरवावं लागतं. बाईंनी पहिल्यांदा जिथं पाठवायचं ठरवलं होतं ती संस्था मुख्यतः स्पर्धा परीक्षांची आणि व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तकं काढते. तिथं कादंबरी कितीही चांगली असली तरी ती वाचायला माणूसच नाही. आपल्या कादंबरीच्या जातीची गेल्या पाच वर्षांतली पुस्तकं वाचनालयातून काढा, ती कोणी छापली ते बघा. हे संशोधन सोलापुरात बसून फुकट होतं. हिराचंद नेमचंद वाचनालयातल्या नव्या पुस्तकांच्या कपाटासमोर एक दुपार काढली तरी सात-आठ नावांची यादी तयार होते.

पाठवायचं काय? एक पानाचं पत्र, एक-दोन पानांत कथासार, आणि सुरुवातीची तीस-चाळीस पानं. सारात शेवटही सांगायचा. संपादकाला उत्कंठा नको असते, कादंबरी शेवटपर्यंत उभी राहते का हे त्याला बघायचं असतं. पत्रात स्वतःची बक्षिसं लिहिण्यापेक्षा कादंबरी कशाबद्दल आहे आणि किती शब्दांची आहे ते लिहा. डेमी, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या, आकाराच्या एका पानात साधारण तीनशे शब्द बसतात, म्हणजे साठ हजार शब्दांचं दोनशे पानी पुस्तक होतं. हा आकडा दिसला की प्रकाशक मनातल्या मनात खर्च मांडू लागतो.

एका वेळी एकाच ठिकाणी पाठवावं अशी मराठीत जुनी अपेक्षा आहे. उत्तर यायला सहा-सहा महिने लागत असताना ही अपेक्षा लेखकावर अन्याय करणारी आहे असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-तीन ठिकाणी पाठवा, पण तसं पत्रात लिहा, आणि एकीकडून होकार आला की बाकीच्यांना लगेच कळवा.

आता ते सहा महिने जातात कुठं? मराठीतल्या चांगल्या चांगल्या प्रकाशन संस्थाही आकारानं लहान आहेत. पाच-सात माणसांचं कार्यालय, आणि त्यांतलं हस्तलिखितं वाचणारं एखादंच. आलेल्यातला बराचसा मजकूर पहिल्या दहा पानांत बाजूला पडतो. उरलेलं बाहेरच्या जाणकाराकडं जातं, तो लेखी अभिप्राय देतो. अभिप्राय चांगला आला तरी पुढं हिशोब असतो: यंदा किती कादंबऱ्या घ्यायच्या, याच विषयावरचं पुस्तक नुकतंच काढलंय का, गेल्या वर्षीच्या पहिलटकरांचे गठ्ठे अजून गोदामात आहेत का. दिवाळीच्या आधी दोन-तीन महिने काही ठिकाणी वाचन थांबतंच, कारण दिवाळी अंकाचं काम चालू असतं. म्हणजे नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर त्यात तुमच्या लिखाणाचा भाग किती आणि त्यांच्या गोदामाचा किती, हे सांगता येत नाही. चार महिन्यांनी एक नम्र स्मरणपत्र पाठवावं. पुन्हा दोन महिन्यांनी फोन करावा. त्यानंतर पुढचं दार.

दिवाळी अंक हा आपल्याकडचा एक फार चांगला रस्ता आहे. १९०९ साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाची ओळख पुष्कळदा अंकातूनच होत आली आहे. कादंबरीतलं एखादं स्वतंत्र उभं राहणारं प्रकरण दीर्घकथा म्हणून अंकाला पाठवा. छापून आलं तर संपादकाच्या नजरेला नाव पडतं, आणि पुढच्या पत्रात लिहायला एक ओळ मिळते. बाईंचं असंच झालं.

आणखी एक सोय लोकांना माहीतच नसते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचं एकही पुस्तक निघालेलं नाही त्यांच्यासाठी ती आहे, आणि कादंबरीही त्यात बसते. ठरावीक मुदतीत हस्तलिखितं मागवतात, तज्ज्ञ वाचतात, निवडलेल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी अनुदान मिळतं. जाहिरातीवर लक्ष ठेवावं लागतं, कागदपत्रं नीट जोडावी लागतात. गावाकडच्या नवोदिताला ही खरी मदत आहे.

करार, आणि पैशाची दिशा

इथं मी जास्त थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं.

प्रकाशक म्हणजे पुस्तकात स्वतःचा पैसा घालणारा माणूस. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी, वितरण हा सगळा खर्च त्याचा, जोखीमही त्याची. लेखकाला विक्रीतून मानधन. जिथं लेखकाकडून खर्च घेतला जातो तिथं व्यवहार वेगळा असतो: लेखक स्वतःच आपलं पुस्तक काढत असतो आणि समोरचा त्याला छपाईची सेवा विकत असतो. ही सेवा घेण्यात कमीपणा नाही. पुष्कळ चांगली पुस्तकं लेखकांनी स्वतः काढली आहेत. पण मग गठ्ठे लेखकाचे, विक्रीचे पैसे लेखकाचे, हक्क पूर्ण लेखकाचे, आणि छपाईच्या प्रत्येक बाबीचं लेखी दरपत्रक हवं. 'थोडा सहभाग द्या, पाचशे प्रती काढू, शंभर तुम्हाला' असं म्हणून पैसे लेखकाकडून आणि हक्क मात्र प्रकाशकाकडं, असा मधला प्रकार सर्रास चालतो. माझ्या माहितीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी फंडातले पैसे असे दिले. पाचशे प्रती छापल्या की दीडशे, हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही. त्यांच्याकडं करारच नाही, नुसती पैसे दिल्याची पावती आहे, तीही 'देणगी' अशी. त्यांचं पुस्तक चांगलं होतं, म्हणून जास्त वाईट वाटतं.

करार तोंडी नको. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखीच व्हावं लागतं, आणि त्यात कोणते हक्क दिले, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे लिहिलेलं असावं लागतं. काळ लिहिलेला नसेल तर कायदा तो पाच वर्षांचा धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. हक्क घेऊन प्रकाशकानं एक वर्षात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही म्हटलेलं नसल्यास ते लेखकाकडं परत येतात. ही तीन वाक्यं कोणत्याही नवोदितानं पाठ करावीत इतकी उपयोगाची आहेत.

'सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' असं वाक्य दिसलं तर तिथंच बोट ठेवा. छापील पुस्तकाचे हक्क द्या, मुदत घालून द्या. ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद, नाटक, चित्रपट यांचा प्रत्येकाचा उल्लेख वेगळा आणि वाटा वेगळा. पूर्व भागावरची ही कादंबरी उद्या तेलुगूत गेली, आणि ती जावी अशी माझी मनापासून इच्छा आहे, तर त्या अनुवादाचं काय, हे आजच्या कागदावर असलं पाहिजे. प्रकाशकाला हे विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं असं बाईंना वाटत होतं. चांगल्या प्रकाशकाला उलट बरं वाटतं. त्यालाही नंतरचे वाद नको असतात.

मानधनाचा, म्हणजे रॉयल्टीचा हिशोब एकदा करून बघू. समजा किंमत ३०० रुपये, पहिली आवृत्ती ५०० प्रतींची, रॉयल्टी १० टक्के. मराठीत हा दर पुष्कळ ठिकाणी दिसतो. ती छापील किमतीवर असेल तर एका प्रतीमागं ३० रुपये, सगळ्या प्रती खपल्या तर १५,००० रुपये. पण करारात 'निव्वळ विक्रीवर' असं लिहिलं असेल, आणि विक्रेत्याला ४० टक्के सूट गेली असेल, तर १८० रुपयांवर १० टक्के, म्हणजे १८ रुपये. सगळ्या मिळून ९,०००. एका शब्दानं ६,००० रुपये इकडचे तिकडं होतात. दोन्ही पद्धती प्रामाणिक असू शकतात. कोणती आहे हे सही करण्याआधी कळलं पाहिजे.

प्रकाशकाची बाजूही याच आकड्यांत दिसते. ३०० मधून विक्रेत्याचे १२० आणि लेखकाचे ३० गेले की १५० उरतात, आणि त्यात कागदापासून कार्यालयाच्या भाड्यापर्यंत सगळं भागवायचं. त्यातही पैसे हातात येतात ते विक्री झाल्यावर, कित्येकदा वर्षानं. पूर्वी हजाराची किंवा अकराशेची आवृत्ती निघायची. आता डिजिटल छपाईमुळे तीनशे-पाचशेच्या, कधी त्याहूनही लहान आवृत्त्या परवडतात. पहिल्या कादंबरीला हे एका अर्थानं बरंच आहे.

संपादन

करार झाला की लेखकाला वाटतं आता छापायला गेली. खरं तर आता कुठं एक माणूस ती ओळ न् ओळ वाचायला बसतो. मराठीला या कामाची मोठी परंपरा आहे, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची नावं लेखक आजही घेतात, ती याच कामासाठी. आज प्रत्येक संस्थेत असा संपादक असतोच असं नाही, ही मराठी पुस्तकांची खरी दुखरी जागा आहे. प्रकाशकाला सरळ विचारावं: संपादन कोण करणार आहे? उत्तर 'आमचा मुद्रितशोधक बघेल' असं आलं तर समजावं की ऱ्हस्व-दीर्घ तपासलं जाईल, कादंबरी तपासली जाणार नाही.

बाईंचं नशीब चांगलं, त्यांना संपादक मिळाला. त्यांच्या हस्तलिखितात असा एक तुकडा होता: 'आईनं सूप मांडीवर घेतलं. तिची बोटं आपोआप चालू लागली. ते पाहून सुनीताच्या मनात विचारांचं काहूर माजलं. आपल्या आईनं आयुष्यभर किती कष्ट उपसले, हे तिला आज जाणवलं.' संपादकानं शेवटच्या दोन वाक्यांवर काट मारली आणि समासात लिहिलं, 'बोटांबद्दल अजून सांगा.' बाई दोन दिवस नाराज होत्या. मग त्यांनी लिहिलं: 'अंगठ्याच्या नखाची कड झिजून सपाट झाली होती. भाजी निवडतानासुद्धा तो अंगठा पान गुंडाळल्यासारखाच वळायचा.' काहूर गेलं आणि आई दिसायला लागली. संपादकानं एक शब्दही स्वतःचा घातला नाही, आणि तरीही त्या पानावर त्याचं काम आहे.

दुसरी झटापट भाषेची. सोलापूरची मराठी म्हणजे कानडी, तेलुगू, उर्दू यांच्या शेजारात वाढलेली मराठी. पात्रं 'काय बे, कुठं चाललास' म्हणतात, 'हितंच, चौकात' असं उत्तर येतं, घरात 'अम्मा' आणि 'अक्का' असते. पुण्यातल्या वाचकाला हे कळेल का, अशी धास्ती बाईंनाच जास्त होती, म्हणून त्यांनी पानोपानी तळटिपा दिल्या होत्या. संपादकानं त्या जवळपास सगळ्या काढायला लावल्या. मला हे पटतं. जिवंत वाक्यात आलेला शब्द वाचक आपोआप ओळखतो, आणि एखादा नाहीच कळला तर तो त्याच्यासह पुढं जातो. तळटीप मात्र त्याला दर वेळी घराबाहेर काढते.

मुद्रितं, फॉर्म, मुखपृष्ठ

मग मजकूर अक्षरजुळणीला जातो आणि मुद्रितं, म्हणजे प्रुफं, येऊ लागतात. सहसा दोन वेळा, कधी तीन वेळा. मराठी लेखनाचे नियम १८ आहेत: १९६२ साली १४ ठरले, १९७२ साली ४ वाढले. मुद्रितशोधक त्यांवर चालतो, आणि पंचाईत इथंच होते. सवयीनं तो पात्राच्या तोंडचं 'हितं' बदलून 'इथे' करतो, तेही निम्म्या ठिकाणीच. मग एकच म्हातारी एका पानावर सोलापुरी आणि पुढच्या पानावर सदाशिव पेठी बोलते. यावर उपाय सोपा आहे. हस्तलिखितासोबत बोलीच्या शब्दांची यादी द्या: हे शब्द असेच ठेवायचे. मी अशी यादी मागूनच घेतो. निवेदन नियमांप्रमाणे, संवाद यादीप्रमाणे.

प्रूफ वाचताना लेखकानं आशय वाचू नये, अक्षर वाचावं. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतला र फॉन्ट बदलताना मोडतो आणि 'दुसर्या', 'वार्यावर' असं काहीतरी होऊन बसतं. संगणकावर शोध देऊन हे सगळे शब्द एकदम तपासता येतात. शिवाय संवादाची अवतरणचिन्हं, प्रकरणांचे क्रमांक आणि पात्रांची नावं. एकाच पात्राचं नाव चौथ्या प्रकरणात नरसय्या आणि अकराव्यात नरसिंगय्या झालेलं मी पाहिलं आहे. या टप्प्यावर परिच्छेद नव्यानं लिहायला घेऊ नका. एका पानावर चार ओळी वाढल्या की पुढची सगळी पानं सरकतात.

पानांचंही गणित आहे. पुस्तक सुटं पान-पान छापत नाहीत, फॉर्ममध्ये छापतात. नेहमीचा फॉर्म सोळा पानांचा. तेरा फॉर्म म्हणजे २०८ पानं, चौदा म्हणजे २२४. तुमचं पुस्तक २११ पानांवर संपलं तर प्रकाशक म्हणतो, तीन पानं कमी करा. यात लेखनावर टीका नाही, कागदाचा हिशोब आहे. प्रकरणांच्या सुरुवातीला सोडलेली जागा कमी करून ती तीन पानं बहुतेक वेळा निघतात, एक शब्दही न कापता. आणि पानसंख्या पक्की झाल्याशिवाय मुखपृष्ठही पुरं होत नाही, कारण कण्याची जाडी पानांवर आणि कागदावर ठरते.

मुखपृष्ठाबद्दल लेखकानं मत जरूर द्यावं, हट्ट करू नये. बाईंना विडी वळणाऱ्या बाईचा फोटो हवा होता. चित्रकारानं नुसतं रिकामं सूप काढलं. दुकानात तीन फुटांवरून काय दिसतं हे चित्रकाराला कळतं. मलपृष्ठावरचा मजकूर मात्र लेखकानं बारकाईनं वाचावा. तिथं 'मानवी नात्यांचा हृद्य वेध' असलं काही आलं असेल तर बदलून मागा. ते कोणत्याही पुस्तकावर चालेल असं वाक्य आहे.

आयएसबीएन हा पुस्तकाचा १३ आकडी क्रमांक. भारतातल्या पुस्तकांचा ९७८-८१ किंवा ९७८-९३ नं सुरू होतो. तो केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी देते, आणि विनामूल्य देते. स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही मिळतो. त्यासाठी कोणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका.

छापून आल्यावर

पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत प्रकाशकानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या एकेका ग्रंथालयाला प्रत पाठवायची असते; १९५४ चा कायदाच आहे. स्वतः प्रकाशक असाल तर ही जबाबदारी तुमची.

प्रकाशन समारंभ सोलापुरात हौसेनं होतात. करावा, आनंदाची गोष्ट आहे. पण सभागृह, हार, शाली आणि जेवण यांवर लेखक जो खर्च करतात, त्यातला निम्मा पुस्तकाच्या प्रती घेऊन तालुक्यांच्या वाचनालयांना देण्यात घातला तर जास्त वाचक मिळतात.

कारण पहिल्या कादंबरीचा खरा आधार वाचनालयं आहेत. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगावी अनुदानित ग्रंथालयं उभी राहिली. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग आहेत आणि अनुदानातला काही भाग पुस्तकांवर खर्च करावा लागतो. अनोळखी लेखकाला ३०० रुपये घालणारा वाचक विरळा, पण त्याच वाचकाला वाचनालयात ते पुस्तक दिसलं तर तो घरी नेतो. वाचनालयं खरेदी करताना शासनमान्य ग्रंथांची यादी बघतात; त्या यादीसाठी प्रकाशकानं प्रत पाठवली का, हे विचारत राहावं. ही विचारणा राहून जाते आणि पुस्तकाचं एक वर्ष वाया जातं.

परीक्षणासाठी प्रती कोणाला पाठवल्या याची यादी मागा, आणि त्यात सोलापूरची दैनिकं आहेत ना ते बघा. पुरस्कारांसाठी बहुधा लेखक किंवा प्रकाशकानं स्वतः प्रवेशिका पाठवावी लागते. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग आहे. त्यातला कादंबरीचा पुरस्कार श्री. ना. पेंडशांच्या नावानं दिला जातो. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून सुरू आहे, वयाची अट ३५ वर्षांची. राज्य पुरस्काराला पुस्तकाचं प्रकाशन वर्ष बघतात, म्हणून डिसेंबरात छापून जानेवारीत दुकानात येणाऱ्या पुस्तकाच्या आत कोणतं साल पडतंय याकडं लक्ष असू द्या.

वर्षअखेरीला प्रकाशकाकडून रॉयल्टीचं विवरण येतं, किंवा मागून घ्यावं लागतं. त्यात छापलेल्या, विकलेल्या, परत आलेल्या आणि भेट किंवा अभिप्रायासाठी दिलेल्या प्रती वेगवेगळ्या दाखवलेल्या हव्यात. शिल्लक प्रतींचा आकडा त्यांच्याशी जुळला पाहिजे. बाईंचं पहिलं विवरण आलं तेव्हा त्यात ठोक विक्री आणि किरकोळ विक्री एकाच रकान्यात होती. त्यांनी विचारलं, प्रकाशकानं आठवड्यात सुधारून पाठवलं. तोवर वाचकांच्या पत्रांतून छपाईच्या काही चुका कळल्या होत्या. त्या पान आणि ओळ क्रमांकासह लिहून त्यांनी त्याच मेलला जोडल्या, कारण पुनर्मुद्रणाचं ठरतं तेव्हा फाईल छापखान्यात जायला एक-दोन दिवसच असतात आणि त्या घाईत लेखकाला कोणी विचारत नाही.